फेरसुनावणी



‘आस्वाद आणि मत’ या विषयावर बोलायचे आमंत्रण आले, तेव्हा संयोजकांची अपेक्षा बहुधा अशी असावी की मराठीचा हा निवृत्त मास्तर एखाद्या कवितासंग्रहाबद्दल बोलेल. मी बोलणार आहे ते एका अमेरिकन रॉक अल्बमबद्दल. याची कारणे दोन. मत कसे बनते आणि कसे बदलते, ही क्रिया मी स्वतःवर इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्याच कलाकृतीच्या बाबतीत पाहिलेली नाही. दुसरे कारण असे की या अल्बमचे माझ्याकडे एक देणे आहे. वीस वर्षांपूर्वी मी त्याच्याविरुद्ध एक निकाल छापून दिला होता. तो निकाल मी दीड वेळा ऐकून दिला होता. आज त्या खटल्याची फेरसुनावणी आपल्यासमोर करायची आहे.

अल्बमचे नाव ‘इन दि एअरोप्लेन ओव्हर द सी’. करणाऱ्या मंडळींचे नाव ‘न्यूट्रल मिल्क हॉटेल’. त्यातला मुख्य माणूस जेफ मँगम. गीते त्याची, आवाज त्याचा, गिटारही त्याचीच. तो लुइझियाना राज्यातल्या रस्टन नावाच्या लहानशा गावचा. १९९७ मध्ये डेन्व्हरला रॉबर्ट श्नायडर या त्याच्या बालमित्राच्या देखरेखीखाली हे ध्वनिमुद्रण झाले आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘मर्ज रेकॉर्ड्स’ या नॉर्थ कॅरोलायनातल्या छोट्या कंपनीने ते बाजारात आणले. ‘इंडी रॉक’ हा शब्द अशाच संगीताला लावतात. मोठ्या कंपन्यांच्या बाहेर, थोड्या पैशांत, मित्रामित्रांनी जमवलेले संगीत. आपल्याकडच्या लघुनियतकालिकांची आठवण व्हावी असा हा सगळा संसार. अल्बममध्ये ११ गाणी-तुकडे आहेत आणि एकूण लांबी सुमारे ४० मिनिटे. ही ४० मिनिटे लक्षात ठेवा, कारण पुढे त्यांचे काम आहे.

माझा भाचा इंजिनिअरिंगसाठी इंदूरला आमच्याकडे राहत होता. २००४ साली त्याने ही सीडी मला ऐकवली. मी एकदा पूर्ण ऐकली, दुसऱ्यांदा अर्ध्यावर उठलो. तो म्हणाला, “मामा, एकदा ऐकून नाही कळत हे.” मी म्हणालो, “जे एकदा ऐकून कळत नाही ते पुन्हा कशाला ऐकायचे?” वाक्य मला इतके आवडले की त्या महिन्यात एका छोट्या मराठी नियतकालिकातल्या माझ्या सदरात मी ते जसेच्या तसे वापरले. तरुण पिढीच्या गोंगाटावर लेख होता आणि नमुना म्हणून हाच अल्बम घेतला होता. त्यात माझे आरोप तीन होते. एक, गायक बेसूर आहे आणि ओरडतो. दोन, रचना घासून गुळगुळीत झालेल्या आहेत. तीन, ध्वनिमुद्रण फाटलेले आहे, पडद्याला भोक पडलेल्या कर्ण्यासारखे. लेखाचे कौतुक झाले. भाच्याने तो वाचला आणि काहीच बोलला नाही. त्यानंतर मात्र त्याने मला गाणे म्हणून काही ऐकवले नाही.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात एक घटना घडली. मी तेव्हा देवासच्या महाविद्यालयात शिकवत होतो आणि रोज जुन्या गाडीने इंदूर-देवास जात-येत होतो. एका रविवारी भाच्याने गाडी नेली होती. सोमवारी मी गाडी सुरू केली तर हीच सीडी यंत्रात अडकलेली. बाहेर येईना, आणि ती आत असेपर्यंत रेडिओही लागेना. मेकॅनिक म्हणाला, पूर्ण डॅशबोर्ड उघडावा लागेल, पुढच्या महिन्यात बघू. तेव्हा पर्याय दोनच उरले. एक तर निमूट गाडी चालवायची, नाही तर हे ऐकायचे. चार दिवस मी निमूट चालवली. पाचव्या दिवशी क्षिप्रेच्या पुलाअलीकडे वाहतूक तुंबली आणि कंटाळून मी बटण दाबले. अल्बमची ४० मिनिटे आणि माझा प्रवास यांचे माप जवळपास जुळत होते. महिन्याभरात पस्तीसेक वेळा तरी तो अल्बम माझ्या कानांवरून गेला.

काय काय बदलत गेले ते क्रमाने सांगतो, कारण ‘हळूहळू आवडू लागले’ या तीन शब्दांत जे झाकले जाते तेच आज उघडून पाहायचे आहे.

पहिल्या चार-पाच वेळांत आवडनिवड बदलली नाही. बदलली ती फक्त भीती. पुढे काय येणार हे माहीत झाल्यावर कान आखडून घेणे थांबले. दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला मँगम येशूचे नाव घेऊन लांबलचक हाक देतो. पहिल्यांदा ऐकताना मी दचकलो होतो, आणि ही टिंगल आहे की भक्ती हे न कळल्यामुळे चिडलोही होतो. सहाव्या वेळी ती हाक येण्याआधीच मी तिची वाट पाहत होतो. नंतर कळले की आपण जे गातो ते मनापासून गातो, पण विषय कुठल्या एका धर्माचा नाही, असा खुलासा त्याने अल्बमसोबतच्या कागदावर स्वतः केला आहे. म्हणजे गोंधळ फक्त माझाच झाला नव्हता.

मग वाद्ये सुटी होऊ लागली. नाव-गाण्यात मागे एक लांब, कापरा स्वर तरंगतो. मी तो बाईचा आवाज समजलो होतो. दहाव्या-बाराव्या वेळी लक्षात आले की हा श्वास कधी संपतच नाही, म्हणजे गळा असू शकत नाही. भाच्याला विचारले. तो म्हणाला, “ती करवत आहे, मामा.” खरोखरची, सुताराची करवत. तिचे पाते वाकवून कडेवर व्हायोलिनचा गज फिरवतात. ज्युलियन कोस्टर नावाचा वादक ती वाजवतो. पुढे ‘द फूल’ नावाचा पितळी वाद्यांचा तुकडा आहे, स्कॉट स्पिलेन याने रचलेला. अंत्ययात्रेपुढे चाललेल्या बँडसारखा. पहिल्यांदा तो मला भरताड वाटला होता. आता ऐकू आले की त्याच्या आधीचे ‘टू-हेडेड बॉय’ हे गाणे फक्त एक गिटार आणि एक गळा यांवर उभे आहे, आणि त्या एकटेपणाच्या टोकाला हा बँड येऊन भिडतो. एकेक गाणे सुटे ऐकले की हे कळत नाही. सांधा कळायला दोन्ही बाजू पाठ असाव्या लागतात.

शब्द सगळ्यात उशिरा आले. अमेरिकन उच्चार, त्यात ताणलेला गळा. मला सुटे सुटे शब्द कळत होते, अर्थ लागत नव्हता. ‘हॉलंड, १९४५’ हे अल्बममधले सर्वांत धडधडीत, सर्वांत फाटक्या आवाजाचे गाणे. उत्सवाच्या गर्दीसारखे. विसाव्या वेळी कधीतरी त्यातली मुलगी, तिची बहीण आणि बंदुका येऊन बरसण्याआधीचे ते थोडेसे आठवडे, हे सारे एकदम जोडले गेले. हे ॲन फ्रँकबद्दल आहे! ॲन आणि तिची बहीण मार्गो १९४५ च्या सुरुवातीला बर्गन-बेल्झनच्या छळछावणीत गेल्या आणि १५ एप्रिलला ती छावणी मुक्त झाली. मँगमने मुलाखतीत सांगितले आहे की ॲनची रोजनिशी वाचून तो दिवसच्या दिवस रडत होता आणि काळात मागे जाऊन तिला वाचवण्याची स्वप्ने पाहत होता. आपल्यापैकी अनेकांनी ती रोजनिशी मराठीत वाचली आहे. मीही वाचली होती, आणि तरी वर्षभरापूर्वी या गाण्याला मी गोंगाट म्हणून मोकळा झालो होतो. त्या दिवशी गाडी महाविद्यालयाच्या आवारात उभी करून मी तेवढे गाणे पुन्हा ऐकले. तासाला उशीर झाला.

आता आरोप एकेक करून पाहू. गायक ओरडतो, हे खरे. पण कुठे ओरडतो हे मी ऐकलेच नव्हते. तो ताण ठरावीक जागी येतो, शब्दांना जिथे गळा पुरत नाही तिथे. रचना गुळगुळीत, हेही खरे. नाव-गाण्यात जी, ई मायनर, सी, डी असे चार कॉर्ड फिरत राहतात, आणि १९५० च्या दशकातल्या असंख्य अमेरिकन प्रेमगीतांचा पाया हाच आहे. पस्तीस वेळा ऐकून चाराचे पाच होत नाहीत. पण ओळखीची साधी जमीन असल्यामुळेच तिच्यावरून ती करवत विचित्र तरंगू शकते. ध्वनिमुद्रण फाटलेले, तेही खरे. पण ते मुद्दाम फाडलेले होते, आणि सगळीकडे नव्हे. जिथे फाडायचे नव्हते तिथे स्वच्छ ठेवले होते. म्हणजे माझी तिन्ही निरीक्षणे बरोबर होती आणि निकाल चुकीचा. पहिल्या ऐकण्यात गुणधर्म दिसतात. त्यांचे काम काय आहे ते दिसत नाही.

इथे एक सरळ शंका येते, आणि ती मला बरीच वर्षे छळत होती. हे सगळे म्हणजे नुसती सवय नसेल कशावरून? लोणचे मुरते तसे मत मुरले, की नाकाला वासाची सवय व्हावी तशी कानाला झाली?

शंकेला आधार आहे. रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिले की अर्थशून्य शब्द, न कळणारी चिनी धर्तीची अक्षरे, अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रे यांपैकी काहीही लोकांना जास्त वेळा दाखवले की त्यांना ते जास्त बरे वाटू लागते. कारण लागत नाही, वारंवारता पुरते. त्याहून अस्वस्थ करणारा प्रयोग एलिझाबेथ मार्गुलिस यांचा. लुचानो बेरिओ आणि एलियट कार्टर या आधुनिक रचनाकारांच्या, मुद्दाम पुनरावृत्ती टाळणाऱ्या रचना त्यांनी घेतल्या आणि त्यांत तुकडे कापून पुन्हा पुन्हा जोडले. श्रोत्यांना त्या जोडलेल्या आवृत्त्या अधिक आवडल्या. एवढेच नव्हे, त्या माणसाने रचल्या असण्याची शक्यताही त्यांना अधिक वाटली. म्हणजे नुसत्या पुनरावृत्तीने ‘यामागे कुणाचा तरी हेतू आहे’ असा भास निर्माण होतो. मघाशी मी म्हणालो की ध्वनी मुद्दाम फाडलेला होता. मला तो हेतू ऐकू आला, की पस्तीस वेळांनी तो भासवला?

पण दुसऱ्या बाजूलाही पुरावा आहे. ॲरन मेस्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना थॉमस किंकेड या अतिशय लोकप्रिय, गोडगोड चित्रे काढणाऱ्या अमेरिकन चित्रकाराची चित्रे वर्गात वारंवार दाखवली. आवड वाढली नाही, उलट घटली. जॉन एव्हरेट मिले या चित्रकाराच्या चित्रांच्या बाबतीत तशी घट आढळली नाही. म्हणजे पुन्हा पुन्हा पाहणे हे सरसकट मध लावणे नाही. ते कधी उजेड वाढवण्यासारखेही असते, आणि उजेडात भेगाही दिसतात.

माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवली. मत बदलले की स्वतःला विचारायचे, नवे काय ऐकू आले ते दाखव. ‘आता बरे वाटते’ एवढेच उत्तर आले तर ती सवय. आधी ऐकू न आलेली गोष्ट बोट ठेवून दुसऱ्याला दाखवता आली, त्यालाही ती ऐकू आली, तर ती समज. करवत मी दाखवू शकतो. गिटार-गळा आणि बँड यांचा सांधा दाखवू शकतो. शेवटचे गाणे संपल्यावर मँगम गिटार खाली ठेवून उठून जातो, तो आवाज तसाच ठेवलेला आहे, तोही दाखवू शकतो. मी त्याला पहिल्यांदा खरखर समजलो होतो.

इथे इंदुरात बसून आणखी एक कबुली दिली पाहिजे. आमच्या घरी उस्ताद अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची तबकडी होती. लहानपणी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटले, यात काहीच घडत नाही. त्यांची ती अतिविलंबित लय पोराच्या कानाला कशी पेलावी? पण मी पुन्हा ऐकले, कारण वडील म्हणाले होते, “थांब, येईल.” खाँसाहेबांसाठी मी वर्षानुवर्षे थांबलो आणि मँगमसाठी दीड वेळ. फरक संगीतात नव्हता. खाँसाहेबांची थोरवी मला आधीच सांगितलेली होती, आणि मँगमची शिफारस करणारा होता वीस वर्षांचा पोरगा. आपण कुणासाठी धीर धरायचा हे बहुतेक वेळा आपला कान ठरवत नाही, शिफारस करणाऱ्याचे वय आणि वजन ठरवते. साहित्याच्या परीक्षणसमित्यांवर काम केलेल्या आपल्यापैकी काहींना हे वेगळे सांगायला नको. नामवंताचे दुर्बोध पान आपण दोनदा वाचतो. नवख्याचे दुर्बोध पान उलटतो.

वजनाचा हा परिणाम उलट बाजूनेही होतो. ‘पिचफोर्क’ या संगीतसमीक्षेच्या प्रकाशनाने १९९८ मध्ये या अल्बमला दहापैकी ८.७ गुण दिले होते. २००५ मध्ये तो पुन्हा प्रकाशित झाला, तेव्हा दहापैकी दहा दिले. अल्बममधला एक स्वरही बदललेला नव्हता. मधल्या सात वर्षांत लोकांनी तो एकमेकांना ऐकवला होता, आणि दौरा संपल्यावर मँगम जवळपास अदृश्य झाला होता, त्याचेही एक वलय तयार झाले होते. हे पूर्ण गुण मला माझ्या गाडीतल्या महिन्यानंतर बऱ्याच काळाने कळले. तरी कबूल करतो, कळल्यावर मी तो आणखी उदारपणे ऐकू लागलो. माझ्याच कसोटीवर ते उदारपण टिकत नाही, कारण त्या काळात नवे काहीच ऐकू आले नाही.

नवे ऐकू आले ते पुढे, आणि ते अल्बमच्या बाजूचे नव्हते. काही वर्षांनी मी ॲनची रोजनिशी पुन्हा वाचली. या वेळी लक्ष गेले ते वेगळ्याच गोष्टीकडे. मार्च १९४४ मध्ये लंडनहून नभोवाणीवर एका डच मंत्र्याने आवाहन केले की युद्धकाळातल्या रोजनिश्या जपून ठेवा. ते ऐकून ॲनने आपली रोजनिशी प्रकाशनासाठी स्वतः पुन्हा लिहायला घेतली. वाक्ये बदलली, काही गाळले, काही वाढवले. पंधराव्या वर्षाच्या आत-बाहेरची ती मुलगी आपल्याच मजकुराची संपादक झाली होती. त्यानंतर अल्बम लावला आणि प्रथमच बेचैन झालो. या गाण्यांत ॲन भूत आहे, स्वप्न आहे, प्रेयसी आहे, वाचवायचा राहून गेलेला देह आहे. लेखिका कुठेच नाही. एका तरुण माणसाच्या दुःखाने तिच्या हातातली लेखणी न कळत काढून घेतली आहे. त्याचे दुःख खोटे नाही, हे मी अजूनही म्हणेन. पण ही उणीव पहिल्या पस्तीस श्रवणांत मला ऐकू आली नव्हती, आणि आता ती न ऐकणे मला शक्य नाही. माझ्या कसोटीने हीसुद्धा समजच. तीही बोट ठेवून दाखवता येते.

तेव्हा फेरसुनावणीचा निकाल ‘निर्दोष मुक्तता’ असा नाही. पहिला निकाल रद्द, एवढे नक्की. अल्बम मोठा आहे असे मला आज वाटते, आणि त्याच्या मध्यभागी एक चूक आहे असेही वाटते. पहिले मत एका वाक्यात मावले होते. आजचे मावत नाही.

ज्या नियतकालिकात तो लेख आला ते केव्हाच बंद पडले. खुलासा छापायला जागा उरली नाही, म्हणून तो आज इथे दिला. भाच्यालाही मी गेल्या वर्षी फोनवर सांगितले की तुझे बरोबर होते, माझे चुकले. तो आता चाळिशीच्या घरात आहे. थोडा वेळ थांबून हसला आणि म्हणाला, “मामा, मी तो अल्बम दहा वर्षांत लावलेला नाही. मला तो आता फार पोरकट वाटतो.” म्हणजे आम्ही दोघे एकाच रस्त्याने उलट दिशांनी निघालो होतो, आणि मध्ये कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेलो. ती भेट माझ्या त्या एका सफाईदार वाक्यामुळे हुकली. अल्बम काय, आणखी वीस वर्षांनीही आहे तसा मिळेल. त्या पोराबरोबर बसून तो ऐकण्याची ती दोन-तीन वर्षे मिळणार नाहीत.

मी त्याला विचारले, पोरकट म्हणजे नेमके कुठे? तो म्हणाला, तसे सांगता येणार नाही, पुन्हा ऐकावे लागेल. मी म्हणालो, दिवाळीत ये, बरोबर ऐकू.